परक्याचे रक्त

आपल्या भाषेने रक्ताला फार मानाचे पान वाढले आहे. जिवापाड राबलो तर आपण रक्ताचे पाणी केले म्हणतो. काळजी करकरून रक्त आटवतो. अन्याय दिसला की आपले रक्त उसळते. आणि कितीही भांडलो तरी रक्ताचे नाते तुटत नाही, असे एकमेकांना बजावतो. दिवाळीत तर या नात्याला भरतेच येते. वर्षभर बांधावरून एकमेकांचे तोंड न पाहणारे भाऊ भाऊबीजेला एकाच पंगतीत चकली मोडताना दिसतात. ‘अखेर रक्ताला रक्ताची ओढ असतेच,’ असे म्हणून घरातली म्हातारी पदराने डोळे टिपते.

या म्हातारीचे म्हणणे खोडून काढण्याची माझी मुळीच इच्छा नाही. पण रक्ताशी माझी जी काही जवळून ओळख झाली ती इस्पितळांच्या व्हरांड्यांत, आणि तिथला कायदा आपल्या म्हणींपेक्षा अगदी निराळा निघाला. तिथे सख्ख्याचे रक्त दूर ठेवतात आणि परक्याचे जवळ करतात. शिवाय कॅन्सरच्या शस्त्रक्रियेच्या वेळी तर रक्त जितके कमी द्यावे लागेल तितके बरे, असे डॉक्टर म्हणतात. जी वस्तू माणसाला मरणाच्या दारातून ओढून आणते, तीच हात राखून का द्यायची? या कोड्यापायी आमच्या घरात एकदा रुसवाफुगवी झाली होती; म्हणून ते जरा सविस्तर सांगतो.

आधी रक्ताचे उपकार. १९८४ साली माझ्या मावशीच्या गर्भाशयाच्या कॅन्सरची शस्त्रक्रिया मुंबईत झाली. शस्त्रक्रिया चालू असतानाच रक्तस्राव सुरू झाला आणि काही केल्या थांबेना. त्या रात्री तिला पाच बाटल्या रक्त द्यावे लागले. त्या काळी रक्त काचेच्या बाटलीत मिळे, आणि ते मिळवताना नातेवाइकांच्या नाकी नऊ येत. रक्त विकून पोट भरणारी माणसे तेव्हा मोठ्या शहरात सर्रास सापडत. सर्वोच्च न्यायालयाच्या १९९६ च्या निकालानंतर हा धंदा १ जानेवारी १९९८ पासून बंद झाला. मावशीच्या पाच बाटल्यांपैकी तीन रक्तपेढीत होत्या. उरलेल्या दोन बाटल्यांचे रक्त जवळच्या वसतिगृहातल्या दोन विद्यार्थ्यांनी दिले. परीक्षेचा अभ्यास टाकून ती मुले आली, रक्त देऊन चहा प्याली आणि गेली. त्यांची नावे विचारायचे भान कुणालाच राहिले नाही.

त्यानंतर मावशी एकोणीस वर्षे जगली. ‘माझ्या अंगात दोन पोरं आहेत, पण त्यांची नावं मला ठाऊक नाहीत,’ असे ती येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगे. मी एकदा शहाणपणा करून तिला म्हटले, ‘अगं, रक्तातल्या तांबड्या पेशी जेमतेम चार महिने जगतात. त्या मुलांचं रक्त केव्हाच संपलं.’ मावशी लाडू वळत होती. हात न थांबवता म्हणाली, ‘संपलं असेल रे. पण ती रात्र त्यांनीच काढली ना!’

मावशीची ती रात्र निभावून जावी यासाठी जगात कितीतरी शहाण्या माणसांनी आधीच खटपट करून ठेवली होती. माणसामाणसांच्या रक्तात गट असतात हे कार्ल लांडस्टायनर या व्हिएन्नाच्या शास्त्रज्ञाने १९०१ साली दाखवले. त्यापूर्वी एकाचे रक्त दुसऱ्याला देणे म्हणजे निव्वळ जुगार होता. पुढे १९१४ साली रक्तात सायट्रेट घातले तर ते गोठत नाही असे आढळले, आणि रक्त साठवायची वाट मोकळी झाली. १९३७ साली शिकागोच्या एका इस्पितळात बर्नार्ड फँटस यांनी रक्तपेढी उघडली, आणि ‘ब्लड बँक’ हा शब्द तिथूनच रूढ झाला. मुंबईत परळला टाटा मेमोरियल हॉस्पिटल सुरू झाले ते २८ फेब्रुवारी १९४१ रोजी. कॅन्सरच्या गाठीबरोबर आजूबाजूचा भागही मुळासकट काढण्याच्या मोठ्या शस्त्रक्रिया मग सर्रास होऊ लागल्या, त्या पाठीशी रक्ताचा साठा होता म्हणूनच.

रक्ताचे परकेपण किती बारीक असते, याचा जगाला मिळालेला एक धडा तर मुंबईचाच आहे. ‘ओ’ गटाचे रक्त कुणालाही चालते, असे आपण ऐकत आलो आहोत. पण १९५२ साली डॉ. वाय. एम. भेंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांना मुंबईत अशी माणसे आढळली, की ज्यांना ‘ओ’ गटाचे रक्तही चालत नव्हते. त्यांच्या गटाला आज साऱ्या जगात ‘बॉम्बे ब्लड ग्रुप’ म्हणतात. आपल्या देशात सुमारे दहा हजारांत एक माणूस या गटाचा निघतो, आणि त्याला त्याच्याच गटाचे रक्त लागते. वरून सारे रक्त लालच. पण शरीर मात्र सोयरीक जुळवणाऱ्या जुन्या कारभाऱ्यासारखे सात पिढ्यांची चौकशी केल्याशिवाय कुणाला दारात उभे करीत नाही.

आता नानांची गोष्ट. नाना म्हणजे माझे चुलते. नाशिक जिल्ह्यात बागलाण तालुक्यात, मोसम नदीच्या काठी नामपूर आहे; तिथे त्यांची कांद्याची आणि डाळिंबाची शेती. सत्तरीतही हा माणूस पहाटे पाण्याच्या पाळीला स्वतः जायचा. २०१७ च्या पावसाळ्यात ते दमू लागले. बाजार समितीत लिलाव चालला असताना ट्रॅक्टरच्या चाकाला टेकून बसू लागले. चेहरा पांढुरका पडला. घरातल्यांनी वयावर बोट ठेवले. गावातल्या दवाखान्यात दोनदा सलाइनची बाटली लावून झाली. आपल्याकडे सलाइन हा अशक्तपणावरचा एक कुळधर्मच झाला आहे. शेवटी मी त्यांना नाशिकला माझ्याकडे आणले. तपासणीत हिमोग्लोबिन निघाले ८.२. दुर्बिणीने पाहिले तेव्हा मोठ्या आतड्याच्या उजव्या बाजूला गाठ सापडली. ती कित्येक महिने थेंब थेंब रक्त सांडत होती, आणि ते डोळ्यांना दिसत नव्हते.

शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरीणबाई तरुण होत्या आणि मोजके बोलायच्या. त्यांनी शस्त्रक्रिया लगेच न ठेवता तीन आठवडे पुढे ढकलली आणि नानांना शिरेतून लोह द्यायला सुरुवात केली. ‘एवढी गाठ पोटात ठेवून हिला लोखंड कसलं सुचतंय?’ असे माझा चुलतभाऊ मला दबक्या आवाजात म्हणाला. बाईंनी ते ऐकले असावे. त्या म्हणाल्या, ‘ही गाठ तीन आठवड्यांत फार वाढणार नाही. पण नानांचं स्वतःचं रक्त तीन आठवड्यांत वाढेल, आणि मला तेच हवं आहे.’ खरोखरच शस्त्रक्रियेच्या दिवशी हिमोग्लोबिन दहावर आले होते.

त्या दिवशी सकाळी एक क्रूझर आणि एक पिकअप भरून सतरा माणसे सटाणा-देवळा मार्गाने नाशिकला येऊन थडकली. मुलगे, पुतणे, भाचे, सुना, दोन शेजारी आणि नानांचे बालमित्र आप्पा. सगळ्यांनी बाह्या वर सरसावलेल्या. नानांना रक्त द्यायचे म्हणजे द्यायचे! आणि बाईंनी बाहेर येऊन सांगितले, की शस्त्रक्रिया नीट झाली, रक्त द्यावे लागले नाही, आणि बहुधा लागणारही नाही. घरी ही बातमी पेढे वाटण्यासारखी. पण व्हरांड्यात शांतता पसरली. दुसऱ्या दिवशी हिमोग्लोबिन ८.६ आले, नाना कागदासारखे पांढरे दिसत होते, आणि तरीही बाई नाहीच म्हणाल्या. तेव्हा आप्पांचा धीर सुटला. ‘आम्हनं रगत खराब शे का?’ त्यांनी विचारले. त्या एका वाक्यात सतरा माणसांचा अपमान भरलेला होता.

आपल्याकडे प्रेम दाखवण्याच्या रीती ठरलेल्या आहेत. पाहुण्याने नको म्हटले तरी पानात पुरणपोळी वाढायची, आणि आजाऱ्याला डॉक्टर नको म्हणाले तरी बाटली लावायची. बाईंनी आप्पांना खाली बसवले आणि स्वतःही शेजारी बसल्या. म्हणाल्या, ‘बाबा, रक्त हे टॉनिक नाही, ते औषध आहे. औषधाला गुण असतो तशी तेढही असते. माणूस स्थिर असेल, छातीत दुखत नसेल, धाप लागत नसेल, तर हिमोग्लोबिन सातच्या खाली जाईपर्यंत आम्ही वाट पाहतो. हृदयविकार असला तर आठपर्यंत. रक्तस्राव झाला असता तर मी एक मिनिटही थांबले नसते.’ कॅनडात १९९९ साली अतिदक्षता विभागातल्या ८३८ रोग्यांवर ही परीक्षा झाली होती, हे मला मागाहून कळले. काहींना रक्त सढळ हाताने दिले, काहींना हात राखून. आणि हात राखलेल्यांचे काहीएक वाईट झाले नाही.

कॅन्सरच्या बाबतीत मात्र प्रश्न याहून खोल आहे, आणि त्याची सुरुवात झाली मूत्रपिंडापासून. १९७३ साली अमेरिकेत ओपेल्झ आणि तेरासाकी या संशोधकांना एक नवलाची गोष्ट दिसली. दुसऱ्याचे मूत्रपिंड बसवण्यापूर्वी ज्या रोग्यांना परक्याचे रक्त दिले गेले होते, त्यांच्या शरीरात ते मूत्रपिंड अधिक टिकत होते. म्हणजे परके रक्त आत आले की शरीराचा राखणदार थोडा सुस्तावतो आणि परक्याला हुसकून लावीत नाही. मूत्रपिंडापुरते हे सोयीचेच झाले. पण कॅन्सरच्या शस्त्रक्रियेनंतर एखादी चुकार पेशी मागे राहिली असेल, तर तिला हुडकून काढायचे काम त्याच राखणदाराचे असते. तो पेंगत असला तर? १९८२ साली न्यूयॉर्कच्या बरोज आणि टार्टर यांनी आतड्याच्या कॅन्सरच्या रोग्यांची पाहणी ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापली. ज्यांना रक्त दिले होते त्यांच्यात रोग उलटण्याचे प्रमाण अधिक दिसले, आणि वैद्यकविश्वात खळबळ उडाली.

इथे घाई करून निकाल द्यायचा मोह होतो. पण आमच्या बागलाणात दुष्काळाच्या साली डाळिंबाच्या बागा टँकरच्या पाण्यावर जगवतात. त्या साली मोजदाद केली तर असे दिसेल, की ज्या बागेत टँकर जास्त वेळा आला तीच बाग जास्त जळाली. म्हणून टँकरने बाग जाळली असे कुणी म्हणेल काय? विहीर आटली होती म्हणून टँकर आला, आणि विहीर आटली होती म्हणूनच बाग जळाली. रक्ताचेही असेच असू शकते. ज्याची गाठ मोठी, शस्त्रक्रिया अवघड आणि रोगी आधीच खचलेला, त्यालाच रक्त द्यावे लागते. आणि त्याचाच रोग उलटण्याची भीती अधिक.

हॉलंडमधल्या डॉक्टरांनी हे पारखून पाहिले. ४७५ रोग्यांचे चिठ्ठ्या टाकल्यासारखे दोन भाग केले. एका भागातल्यांना लागेल तेव्हा परक्याचे रक्त, दुसऱ्या भागातल्यांना शस्त्रक्रियेपूर्वी काढून ठेवलेले त्यांचे स्वतःचेच रक्त. १९९३ साली निष्कर्ष छापला. जगण्यात दोघांत फरक नव्हता. पण आपले असो वा परक्याचे, ज्यांना रक्त द्यावे लागले त्यांचा रोग उलटण्याचे प्रमाण मात्र अधिक होते. म्हणजे संशयाची सुई रक्तावरून रक्ताच्या गरजेकडे वळली. २००६ साली अशा ३६ पाहण्या, बारा हजारांवर रोग्यांच्या, एकत्र करून पुन्हा हिशेब मांडला गेला. रक्त देणे आणि रोग उलटणे यांचा संबंध दिसतो, पण एकामुळेच दुसरे घडते असे म्हणता येत नाही, असा तो हिशेब निघाला. आणि हात फार आखडूनही चालत नाही. २०१५ साली ब्राझीलमध्ये साओ पाउलोच्या कॅन्सर रुग्णालयातल्या पाहणीत, मोठ्या शस्त्रक्रियेनंतर अतिदक्षता विभागात असलेल्या १९८ रोग्यांपैकी ज्यांना रक्त थोडे सढळ दिले त्यांनाच कमी त्रास झाला.

एवढा सारा इतिहास मी नानांना घरी आल्यावर सांगितला. ते खाटेवर पडून ऐकत होते. मला वाटले झोप लागली असावी. तेवढ्यात म्हणाले, ‘जास्ती पानी दिधं का कांदा चाळमा सडस.’ मी थक्क झालो. उन्हाळ कांद्याला काढणीआधी दोन-तीन आठवडे पाणी तोडतात. ज्याला मोह आवरत नाही तो शेवटची पाळी देतो. कांदा वजनाला भरतो, दिसायला टपोरा दिसतो, आणि चाळीत घातल्यावर दिवाळीपर्यंत टिकत नाही. पण म्हणून लागवडीच्या वेळी पाणी तोडणाऱ्याला कुणी शहाणा म्हणत नाही. मोसमच्या खोऱ्यात पूर्वापार फडाची रीत होती. बंधाऱ्याचे पाणी पाटाने येई आणि कुणाला केव्हा, किती, हे पाटकरी ठरवी. पाणी साऱ्यांचे, पण दार उघडायचे ते पिकाची निकड पाहून, मालकाचा आग्रह पाहून नव्हे. डॉक्टरीणबाईंनी तेच केले होते. नानांना ते माझ्या आधी कळले.

राहिला प्रश्न आप्पांचा. रगत खराब नव्हते, मग सख्ख्या माणसांचे तरी सख्ख्या माणसाला का चालू नये? यातली गंमत अशी, की जवळचे रक्त शरीराला पुरते परके वाटत नाही. मुलाच्या रक्तातल्या जिवंत पांढऱ्या पेशी बापाच्या शरीरात शिरल्या, तर बापाचा राखणदार त्यांना घरच्याच समजून सोडून देऊ शकतो. आणि त्या पेशी मात्र बापाच्या शरीरावर उलटतात. असे फार क्वचित होते, पण झाले तर रोगी बहुधा वाचत नाही. म्हणून नात्यातले रक्त द्यायचेच झाले तर त्यावर आधी किरणांचा मारा करून त्या पेशी निकामी करतात. अनोळखी माणसाचे रक्त या बाबतीत अधिक भरवशाचे. मुलाचे रक्त रक्तपेढीत जावे, तिथून कुणा अनोळख्याला मिळावे, आणि बापाला लागेल तेव्हा कुणा तिसऱ्याच्या मुलाचे मिळावे, हा सगळ्यात बिनधोक मार्ग.

हे समजल्यावर ती सतरा माणसे परत फिरली नाहीत, याचा मला अजून अभिमान वाटतो. ती रक्तपेढीत गेली. अकरा जणांचे रक्त घेतले गेले. आप्पांचे वय आडवे आले. एका भाच्याने आदल्या रात्री ‘घेतलेली’ होती, त्याला हसत हसत परत पाठवले. दोघांचा रक्तदाब वाढलेला निघाला. दोघी सुना मात्र परतल्या त्या वेगळ्याच कारणाने. रक्त द्यायला हिमोग्लोबिन साडेबारा तरी लागते. एकीचे निघाले साडेनऊ आणि दुसरीचे दहा. सासऱ्याला रक्त द्यायला धावत आलेल्या या पोरींचेच रक्त आटलेले होते, आणि ते घरात कुणाच्या लक्षात आले नव्हते. देशाच्या २०१९-२१ च्या कुटुंब आरोग्य पाहणीत पंधरा ते एकोणपन्नास वयाच्या शंभरातल्या सत्तावन्न स्त्रियांना रक्तक्षय आढळला. आमच्या घरात त्या दिवशी ही मोजदाद दारात येऊन उभी राहिली. नानांच्या गोळ्यांबरोबर त्या दोघींच्या गोळ्याही सुरू झाल्या, हा त्या शस्त्रक्रियेचा न सांगितलेला लाभ.

नानांना पुढे सहा महिने केमोथेरपी घ्यावी लागली. त्यानंतर सात दिवाळ्या त्यांनी नामपूरच्या अंगणात बसून पाहिल्या. ते जगले ते रक्त न दिल्यामुळे, असे मी कधीच म्हणणार नाही. गाठ वेळेवर सापडली, साफ निघाली, औषध सोसले. एका नानांवरून शास्त्र होत नाही, तसे एका मावशीवरूनही होत नाही. मावशीला पाच बाटल्या मिळाल्या नसत्या तर ती पहाट तिने पाहिली नसती; नानांना एक बाटली उगाच मिळाली असती तर ती कुणा दुसऱ्या मावशीची गेली असती. एवढे मात्र मी खात्रीने सांगू शकतो.

कारण रक्त करता येत नाही. त्याचा कारखाना नाही. फ्रिजमध्ये तांबड्या पेशी पस्तीस ते बेचाळीस दिवस टिकतात. प्लेटलेट्स, ज्या केमोथेरपी घेणाऱ्या कॅन्सरच्या रोग्याला वारंवार लागतात, त्या जेमतेम पाच दिवस जगतात. म्हणजे वसुबारसेच्या सुमारास काढलेल्या भाऊबीजेला संपल्या. आणि नेमक्या याच दिवसांत महाविद्यालये बंद, कचेऱ्या बंद, शिबिरे बंद. रक्तपेढ्यांतला साठा दिवाळीत दरवर्षी रोडावतो. रोगी मात्र सुट्टीवर जात नाहीत.

तेव्हा या अंकातली पाने चाळून झाली, फराळाची दुसरी बशी संपली, की जवळच्या रक्तपेढीचा पत्ता काढून ठेवावा. अठरा ते पासष्ट वयाच्या, पंचेचाळीस किलोंच्या वर वजनाच्या धडधाकट माणसाला रक्त देता येते. पुरुषाला तीन महिन्यांनी, स्त्रीला चार महिन्यांनी पुन्हा. एका वेळी जाते साडेतीनशे मिलिलिटर, घरातल्या दोन लहान पेल्यांएवढे. आणि ज्यांना देता येत नाही त्यांनी निदान आपले हिमोग्लोबिन तपासून घ्यावे, विशेषतः ज्या घरातली सून सर्वांच्या मागून जेवते, त्या घरातल्या सर्वांनी.

नामपूरला आता दर दिवाळीत ती अकरा माणसे, आणि दरवर्षी त्यांत मिळणारी आणखी काही, सटाण्याला जाऊन रक्त देऊन येतात. गेल्या वर्षी त्यांत साडेनऊवाली सूनही होती. तिचे हिमोग्लोबिन तेरा भरले. परतताना सगळे नानांच्या अंगणात चहाला थांबतात. आप्पा अजून विचारतात, ‘आम्हनं रगत गये कोठे?’ त्याचे उत्तर कुणालाच देता येत नाही, आणि आता त्यावर कुणी रुसतही नाही.